कुलदीपच्या हातचं पाणी

साखरखेर्डा,
धुळवडीची दुपार

मित्रवर्य श्री. किसनराव यांस, रंगरावाचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींची, म्हणजे सत्यभामाबाईंची, तब्येत बरी असेल. हरभरा घरात आला असेल, आणि ती पाय झाडणारी म्हैस अजून तुमच्याकडेच असेल तर तिलाही विचारलं म्हणून सांगा. आमच्याकडे सगळं ठीक आहे. आईला थोडा खोकला आहे, आणि त्या खोकल्यामुळेच हे पत्र लिहावं लागतं आहे.

अहो किसनराव, एवढं वाचून तुम्ही पाकीट उलटं करून पत्ता तपासला असेल. रंग्या आपल्याला 'अहो' म्हणतो, म्हणजे एक तर पत्र चुकीच्या घरी आलं, नाही तर रंग्या चळला. दोन्ही नाही. खामगावच्या वसतिगृहात आपण एका खोलीत राहिलो, दोघांत मिळून एकच धड पँट वापरली (ज्याचा सिनेमा त्याची पँट, असा कायदा होता), आणि तेव्हापासून आजवर मी तुम्हाला 'काबे किसन्या' याशिवाय दुसरी हाक मारलेली नाही. मागे चिखलीला त्या लग्नात भेटलो, तेव्हाही नवरदेवाच्या आजोबांसमोर मी 'काबे'च म्हणालो होतो. आज 'अहो' म्हणतो त्याला कारण आहे आणि ते शेवटी कळेल. फोन केला नाही तोही याचसाठी. तुमचा आवाज ऐकला की तोंडातून पहिला शब्द तोच निघेल आणि सगळं मुसळ केरात जाईल. कागदावर निदान खोडता येतं.

आता मुद्द्याचं. तुमच्या कुलदीपने पुण्याहून कळवलंच असेल की एका म्हातारीने भर नाट्यगृहात त्याच्या हातचं पाणी नाकारलं. ती म्हातारी माझी आई, अन्नपूर्णाबाई. तिने नाकारलं हे खरं आहे. पुढच्या रांगेतल्या अनोळखी बाईकडून मागून घेऊन ती पाणी प्याली, हेही खरं आहे. माणसाला पाण्यावरून नाकारणं म्हणजे काय, हे आपल्या भागात कोणाला शिकवावं लागत नाही. तुमचं पोरगं त्यानंतर आम्हाला गाडीवर सोडायलाही आलं नाही, आमच्या प्रतीक्षाने दोन दिवस धड जेवण केलं नाही, आणि ही गोष्ट अशीच राहिली तर त्या दोघांचं जे काही जुळत होतं ते पाण्यातच जाईल. म्हणून पहिल्यापासून सांगतो. मध्येच पत्र फाडू नका बे (हे खोडलं आहे, वाचू नका). फाडायचंच असेल तर ताजा कलम वाचून फाडा.

आमची प्रतीक्षा पुण्यात एका कंपनीत आहे. (काम काय करते ते तिने मला अनेकदा सांगितलं आहे आणि प्रत्येक वेळी मी मान हलवली आहे.) तूर विकून आम्ही जरा मोकळे झालो, तशी ती मागे लागली की आजीला घेऊन या, पुणे दाखवते, एका मैफलीची तिकिटंही काढली आहेत. मी, माझी बायको वंदना आणि आई असे तिघं ट्रॅव्हल्सने निघालो. आता आम्ही पडलो सिंदखेडराजा तालुक्यातले. जिजाऊ आमच्या तालुक्याची लेक आणि पुणे तिचं सासर, हा हिशेब आईच्या डोक्यात इतका पक्का आहे की ती पुणे बघायला निघालीच नव्हती, ती लेकीकडे निघाली होती. लेकीकडे रिकाम्या हाताने जात नसतात, म्हणून बोचक्यात खण, नारळ आणि बाजरीच्या, उन्हात कडक वाळवलेल्या खारोड्यांचा मोठा डबा. वंदना म्हणाली, अहो, खारोड्या कोण घेणार तिथे? आई म्हणाली, "सासरी काय मिळते काय नाही, तुले काय माहीत?" सुनेने डबा बोचक्यात बांधला. (तिला चांगलंच माहीत होतं, पण ती समजूतदार आहे.)

शनिवारवाड्यासमोर प्रतीक्षाने एका उंच, चष्मेवाल्या पोराची ओळख करून दिली. हे आमच्या ऑफिसमधले कुलदीप, यांना पुण्याची चांगली माहिती आहे. पोरगं वाकून आईच्या पाया पडलं आणि मला म्हणालं, "काका, आपण इकडून येऊया का? ऊन कमी लागेल." इतकं धुतलेलं मराठी ऐकून मी मनात म्हटलं, हा पेठेतला दिसतो, कंपनीनेच वाटाड्या म्हणून पाठवला असणार. आणि किसनराव, कान धरून सांगतो, वाटाड्या समजून मी खारोड्यांचं बोचकं त्याच्या खांद्यावर दिलं. पुढे देवळापाशी आईच्या चपलाही त्यालाच धरायला लावल्या. तुमचं पोरगं मी पाळण्यात पाहिलं ते शेवटचं, नाव कुठलं लक्षात राहणार; तो तुमचा आहे हे ठाऊक असतं तर बोचकं मी वंदनाकडे दिलं असतं.

शनिवारवाड्याबद्दल माझं मत तुम्ही विचारणार नाही, तरी सांगतो. दरवाजा असा की हत्तीने विचार करावा, खिळे एकेक वांग्याएवढे. छाती फुगवून आत गेलो, तर आत वाडाच नाही. नुसती जोती आणि मधे बगिचा. मी कुलदीपला म्हटलं, वाडा कुठं आहे? तो म्हणाला, काका, आगीत गेला. मी म्हटलं, मग आपण पाहतो आहोत ते काय? तर तो शांतपणे म्हणाला, जागा. मला तेव्हा राग आला होता, पण आता विचार केला तर पोराचं उत्तर बरोबर होतं. आई एका जोत्यावर बसून म्हणाली, "एवढ्या जागेत दोन पोती मेथी निघन." ती कोणत्याही मोकळ्या जागेबद्दल हेच म्हणते.

मग लाल महाल. इथे नीट वाचा, कारण पुढचं सगळं इथूनच निघालं आहे. कुलदीपने सांगितलं की आजी, हा महाल नंतर पुन्हा बांधलेला आहे, मूळचा नाही. आई त्याला म्हणाली, "घर नवं बांधलं म्हणून लेक परकी होते का?" आत जिजाऊंचा पुतळा आहे, बाळ शिवबा आणि सोन्याचा नांगर आहे. आईने पदर डोक्यावर घेतला, मूर्तीकडे बघत राहिली आणि हलक्या आवाजात आमच्या तालुक्याच्या खबरी सांगू लागली. यंदा पाऊस बरा झाला, सोयाबीनला भाव नव्हता, राजवाड्यापुढच्या रस्त्याचं काम चालू आहे. रखवालदार भला माणूस होता. त्याने खण ठेवू दिला, नारळ तेवढा फोडू दिला नाही. उन्हाने आईचे ओठ सुकलेले पाहून त्याने पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवलं, तर आई म्हणाली, "नाही बाबा, लेकीच्या घरी पाणी पेत नसते आम्ही."

त्याला काही उमगलं नाही. तुम्हाला उमगलं असेल. लेक सासरी गेली की तिला लेकरू होईपर्यंत माहेरच्या थोरांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत. आता कोणी फारसं पाळत नाही, पण आई पाळते. माझ्या बहिणीकडे, कोकिळाकडे, ती भर उन्हातून गेली आणि पाणी न पिता परत आली, असं दोन वर्षं चाललं होतं. इथे मी समजावलं, वंदनाने समजावलं, प्रतीक्षा तर रडकुंडीला आली की आजी, चक्कर येईल. आई ढिम्म. तेव्हा हा पेठेतला वाटाड्या आपली बाटली पुढे करून काय म्हणाला असेल?

"आजी, लेकीले लेकरू झालं की मंग चालते ना? हे काय, शिवबा समोर उभे हायत. प्या आता बिनघोर."

आईने शिवबाकडे पाहिलं, कुलदीपकडे पाहिलं, आणि इतकी हसली की पदर खाली आला. मग घटाघटा पाणी प्याली. मला एवढंच वाटलं की पुण्याची पोरंही आता आपली भाषा शिकायला लागली, बरं आहे. त्यानंतर मी नांगराकडे वळलो (फाळाचा कोन मला पटला नाही, सवडीने बोलू), आणि माझ्या पाठीमागे आईने त्याला हळूच विचारलं, "कुठल्या गावचं व्हय रे लेकरा तू?" तो म्हणाला, "पिंपळगाव राजाचा, आजी." हे मला घरी आल्यावर कळलं. आईने तिथल्या तिथे सांगितलं असतं तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण आईच्या पोटात गोष्ट गेली की मुरल्याशिवाय बाहेर येत नाही.

नंतर मंडई पाहिली. सगळ्या ऐतिहासिक वास्तूंमध्ये मला खरी समजली ती तीच. तिथे मी कोथिंबिरीच्या जुड्या उचलून पाहत इतका वेळ काढला की एका बाईने मलाच भाव विचारला. मग पर्वती. पायऱ्या चढताना आई पुढे, कुलदीप तिच्यासोबत, आणि मी मधल्या कठड्यावर डोळे मिटून, आता इथेच समाधी बांधा म्हणत. त्या वेळी वर काय घडलं तेही मला नंतर कळलं. माझ्या आयुष्यातल्या महत्त्वाच्या गोष्टी मला नंतरच कळतात. तुमची आणि माझी पँट एकच आहे हे वॉर्डनला कळून आठवडा झाला, तरी आपण लपवतच होतो, आठवतं का बे? (खोडलं.)

संध्याकाळी बालगंधर्व रंगमंदिर बाहेरून पाहिलं, फोटो काढले. आमची मैफल दुसऱ्या एका नाट्यगृहात होती. आत असा गारवा की गुळाला मुंग्या लागू नयेत. खुर्च्या मऊ, माणसं गंभीर, आणि सगळे कुजबुजत बोलत होते, जणू घरात कोणी आजारी आहे. गाणाऱ्या बाई बसल्या आणि त्यांनी आलाप सुरू केला. मी आमच्या भजनी मंडळात पेटी धरतो, त्यामुळे मला वाटलं सूर लावून पाहत आहेत, सुरू करतील आता. बराच वेळ गेल्यावर आईने मला कोपराने ढोसलं, "बाईचं काही हरपलं का रे?" मी गप्प बस म्हटलं. अखेर बाईंनी एका ओळीचं पद धरलं आणि मला बरं वाटलं. आता आमच्याकडे बुवाने ओळ म्हटली की मागच्यांनी ती उचलायची असते, नाही उचलली तर बुवाचा अपमान. मी उचलली. खड्या आवाजात, दोन्ही हात वर करून. अख्ख्या नाट्यगृहात मी एकटाच. बाईंनी क्षणभर डोळे उघडले, हसल्या आणि पुढे गेल्या. प्रतीक्षा मात्र खुर्चीत इतकी खाली सरकली की तिकीट तपासणाऱ्याला ती जागा रिकामी वाटावी.

यातून सगळे सावरतात तोच आईला भूक लागली. बाई अगदी बारीक सुरात, श्वास रोखायला लावणाऱ्या जागी पोचल्या होत्या, आणि आईने खारोडी दाताखाली घेतली. किसनराव, बाजरीची खारोडी तुम्ही खाल्ली आहे. तिचा आवाज कसा येतो ते मी काय सांगू! चार रांगा वळल्या. सगळे बघतात म्हणून आईने घाईने गिळायला पाहिली आणि तिला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी, तोंडावर पदर, छाती भात्यासारखी. मी पाठीत थोपटतो, वंदना डबा लपवते. कुलदीप शेजारच्या खुर्चीवरून पटकन उठला आणि त्याने बाटलीचं झाकण काढून ती आईच्या तोंडाशी धरली. सकाळचीच बाटली. आईने ती हाताने बाजूला सारली आणि ठसक्यातच म्हणाली, "तुयं पाणी आता नाही पेणार मी!" आणि पुढच्या रांगेतल्या बाईच्या खांद्यावर हात ठेवून तिच्याकडून पाणी मागून घेतलं.

कुलदीप तसाच उभा राहिला, हातात उघडी बाटली. बराच वेळ त्याला झाकण लावायचंही सुचलं नाही. किसनराव, तो चेहरा मी विसरणार नाही. मध्यंतरात तो प्रतीक्षाला काहीतरी बोलला आणि निघून गेला. जाताना खारोड्यांचं बोचकं आठवणीने माझ्या पायाशी ठेवून गेला. त्या बोचक्याचं मला फार लागलं.

गावी आल्यावर दुसऱ्या दिवशी प्रतीक्षाचा फोन आला. रडत होती. "बाबा, आजीनं असं काऊन केलं? तो म्हणते, घरच्यांले माह्यं पाणीच चालत नसन तर पुढचं बोलूच नाही." पुढचं म्हणजे कोणतं, हे माझ्यासारख्या माणसालाही त्या क्षणी कळलं. मी तसाच आईकडे गेलो. ती ओसरीवर मेथी निवडत बसली होती. मी आवाज चढवला. आयुष्यात फार वेळा चढवलेला नाही. म्हटलं, त्या पोराचं काय चुकलं? सकाळी त्याचंच पाणी प्याली, अन् रात्री काऊन नाही?

आईने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पुन्हा सातवीत गेलो.

"सकाळी तो परका होता," आई म्हणाली. "पर्वतीवर म्या पाह्यलं. आपल्या पोरीनं त्याच्याकडं न पाहता हात पुढं केला, अन् त्यानं तिच्याकडं न पाहता बाटली देली. ती पेली, त्यानं परत घेतली. दोघंही बोलले नाहीत. तुले अन् वंदनाले हे अजून जमत नाही. तवाच म्या समजली, हे पोरगं आपल्या लेकीचं घर व्हय. मंग त्याच्या हातचं पाणी कसं पेणार मी? लाल महालात तुले समजलं, अन् इथं नाही समजलं?"

'आता' नाही पिणार, असं ती म्हणाली होती. त्या एका शब्दात सगळं होतं, आणि तो शब्द आम्ही सगळ्यांनी ठसक्यात घालवला. आई पुढे म्हणाली, "म्या म्हटलं पोरगं हुशार हाय, त्याले समजन. तोही तुह्यासारखाच निंगाला." मला आधी हसू आलं, मग उगाच डोळे भरून आले. माझी पोर एवढी मोठी झाली हे मी कठड्यावर डोळे मिटून बसलो असताना घडलं, आणि ते पाहिलं कोणी, तर जिला मोतीबिंदू आहे तिने.

मग मी प्रतीक्षाला उलटा फोन केला आणि एकच विचारलं, त्याच्या बापाचं नाव काय? म्हणाली, किसनराव. गाव? पिंपळगाव राजा. मी निवडलेल्या मेथीवरच बसलो. आईने ती मेथी रात्री मलाच वाढली.

तर असं आहे सगळं. तुमच्या मुलाचा अपमान झालेला नाही. आमच्या घरात गेल्या कित्येक वर्षांत कोणाला एवढा मोठा मान मिळालेला नाही. मला तर कधीच नाही. हे त्याला तुमच्या तोंडून कळावं, कारण आमच्या तोंडाचा अनुभव त्याने घेतला आहे. वहिनींना नमस्कार. गुडघ्याला एरंडाचं पान बांधत जा.

तुमचा,
रंगराव

ता. क. हे पत्र माफीचं आहे असं समजून वाचलं असेल, तर कृपा करून पुन्हा वाचा. ही मागणी आहे. मुलीकडच्यांनी आधी शब्द टाकायचा असतो, तो मी टाकला आहे. आमची प्रतीक्षा तुमच्या घरात द्यावी अशी आमची इच्छा आहे. आणि व्याह्याला 'काबे' म्हणता येत नाही, म्हणून पहिल्या ओळीपासून सराव करतो आहे. पोरांचं मन पोरं आपसात बघतील. तुम्ही आणि वहिनी येत्या रविवारी इकडे या. तुम्ही मुलाकडचे, तुम्हाला आमच्याकडे पाणी चालतं. पोटभर प्या.

ता. क. दुसरा. वंदनाने पत्र वाचलं. तिचं म्हणणं, खोडलेले सगळे 'बे' स्पष्ट वाचता येतात. आता नवीन कागद नाही. तिने खारोड्या दिल्या आहेत, सोबत पाठवतो. ज्याने त्या पुणेभर खांद्यावर वागवल्या, त्याच्या वाट्याला एकही आली नव्हती.

ता. क. तिसरा. आई शेजारी बसून सांगते ते जसंच्या तसं लिहितो. "त्याले लिव्ह, मी ब्याऐंशीची हाय. पोरीले लेकरू होईस्तोवर त्या घरचं पाणी मले चालत नाही. मले एक डाव त्या पोराच्या हातचं पाणी पेऊनच जायचं हाय." तेव्हा किसन्या, मुहूर्त लांबवू नको बे. (हे खोडत नाही.) म्हातारीला तहान लागली आहे.